उड्डाणात इंधनाचा ताळा लागत नाही: क्रॉसफीडला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. इंदूरहून दिल्लीला निघालेलं एअरबस ए३२० विमान क्रूझला, म्हणजे ठरलेल्या उंचीवरच्या सरळ उड्डाणाला, पोचून दहा-पंधरा मिनिटं झालेली असतात आणि डावी टाकी उजवीपेक्षा हलकी दिसू लागते. किंवा दिल्लीला उतरल्यावर किती इंधन उरेल याचा एफएमएसचा (उड्डाणाचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाचा) आकडा इंधनाच्या दोन चेकच्या मध्ये दोनशे किलोंनी खाली आलेला असतो, आणि वारा तर फ्लाइट प्लॅनप्रमाणेच आहे. कधी त्यात काहीच निघत नाही. कधी खरोखर गळती असते. सुरुवातीची दहा मिनिटं दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आणि चुकीचा स्विच दाबला जातो तो याच दहा मिनिटांत.

तो स्विच म्हणजे क्रॉसफीड, दोन बाजूंचं इंधन एकमेकांना जोडणारा मधला व्हॉल्व्ह. टाक्या असमान झाल्या की क्रॉसफीड उघडून जड बाजूचं इंधन दोन्ही इंजिनांना द्यायचं, हे टाइप रेटिंगमध्ये (त्या प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणात) हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की विचाराआधी हात वर जातो. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो: गळती नाही हे हिशेबाने ठरल्याशिवाय क्रॉसफीड उघडायचा नाही. गच्चीवर दोन टाक्या आहेत, एकीचा नळ फुटलाय, आणि पातळी सारखी करायला आपण मधला व्हॉल्व्ह उघडला, तर दुसरी टाकीही त्याच फुटक्या नळातून रिकामी होते. विमानात नेमकं हेच होतं.

आणि हे घडलेलं आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटचं ए३३० टोरांटोहून लिस्बनला जात होतं. उजवं इंजिन बदलताना न जुळणारे भाग बसवले गेले होते, त्यामुळे इंधनाची नळी हायड्रॉलिकच्या नळीला घासून फुटली. अटलांटिकवर वैमानिकांना दिसला तो फक्त असमतोल. त्यांनी क्रॉसफीड उघडला आणि डाव्या टाकीतलं चांगलं इंधन उजव्या इंजिनाच्या फुटक्या नळीकडे जाऊ लागलं. आधी उजवं इंजिन बंद पडलं, काही मिनिटांनी डावंही. अझोर्समधल्या लाजेस विमानतळावर ते विमान इंजिनांशिवाय तरंगत उतरलं आणि सगळे ३०६ जण वाचले. असमतोलाच्या चेकलिस्टमध्ये गळतीबद्दलची सावधगिरीची सूचना होती, पण ती चेकलिस्ट उघडून वाचली गेली नाही, पाठांतरावरून केली गेली.

खालचे आकडे ए३२० सीईओचे (जुन्या इंजिनांच्या ए३२० चे) आहेत, कारण उदाहरण एकच घेतलं की हिशेब नीट कळतो. निओ (नव्या इंजिनांचं ए३२०), बोइंग ७३७ किंवा छोट्या एटीआरवर आकडे बदलतात, विचार तोच राहतो. प्रत्यक्ष उड्डाणात तुमच्या विमानाचा क्यूआरएच (कॉकपिटमधली चेकलिस्टची पुस्तिका) आणि कंपनीचं मॅन्युअल हेच अंतिम.

बेरीज करा, दोनदा करा

ईकॅमवर (कॉकपिटमधल्या यंत्रणांच्या पडद्यावर) दोन आकडे मिळतात. एफओबी म्हणजे आत्ता टाक्यांत असलेलं एकूण इंधन. ते टाक्यांमधले प्रोब (पातळी मोजणारे संवेदक) मोजतात. एफयू म्हणजे इंजिनांनी आतापर्यंत वापरलेलं इंधन. ते इंजिनावरचे फ्लो मीटर मोजतात. मोजणाऱ्या यंत्रणा वेगळ्या, एकमेकींवर न अवलंबणाऱ्या. म्हणूनच दोघांच्या बेरजेला किंमत आहे. ती बेरीज निघतानाच्या इंधनाइतकी, आणि दर चेकला साधारण तेवढीच, राहिली पाहिजे.

समजा इंजिन सुरू करण्याआधी एफओबी ७४०० किलो होतं. क्रूझला पोचल्यावर एफओबी ५८५०, एफयू १४८०. बेरीज ७३३०. सत्तर किलो कुठे गेले? इंजिन सुरू करण्याआधी आणि टॅक्सीत एपीयू (शेपटीतलं छोटं पूरक इंजिन) चालू होता. तो ताशी शंभर ते एकशेतीस किलो पितो, आणि बऱ्याच ए३२० वर ते एफयूमध्ये धरलं जात नाही. त्यात प्रोबची थोडी चूक. म्हणजे ही तूट समजण्यासारखी आहे. ७३३० हा आता आपला पाया.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. एफओबी ५०२०, एफयू २०९०. बेरीज ७११०.

इंजिनांनी या पंधरा मिनिटांत ६१० किलो वापरलं, म्हणजे ताशी २४४०. दोन इंजिनांच्या क्रूझला हे अगदी योग्य आहे. पण टाक्यांतून गेलं ८३० किलो. मधले २२० किलो इंजिनांपर्यंत पोचलेच नाहीत. एपीयू बंद आहे. ताशी ८८० किलोंच्या वेगाने इंधन कुठेतरी जातंय, किंवा प्रोब खोटं बोलतायत. तिसरी शक्यता नाही.

एका बेरजेवरून निष्कर्ष काढू नका. बेरीज एकदाच दोनशेने कमी आली आणि मग तिथेच थांबली, तर बहुधा मोजणीतला फरक आहे. दर चेकला घसरत राहिली तर गळती धरून चाला. म्हणून पहिली शंका आली की पुढचा चेक अर्ध्या तासाची वाट न बघता पाच मिनिटांनी घ्या आणि वेळेसकट लिहा. कागदावर लिहा. डोक्यात धरलेला आकडा रेडिओवर बोलताना हमखास गळतो.

बेरीज चार तऱ्हांनी वागू शकते, आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा.

बेरीज घसरतेय: टाकीतून किंवा फ्लो मीटरच्या आधीच्या नळीतून गळती, चालू एपीयू, किंवा कमी दाखवणारा प्रोब.

बेरीज स्थिर, पण दोन्ही इंजिनांचा वापर फ्लाइट प्लॅनपेक्षा जास्त: ही गळती नव्हे. समोरचा वारा, खालची फ्लाइट लेव्हल (उड्डाणाची उंची), अँटी-आइस (बर्फ रोखणारी यंत्रणा), नोंदीपेक्षा जड विमान, किंवा पूर्ण आत न गेलेला स्पॉयलर वा फ्लॅप. इंधन कमी पडू शकतं, निर्णय घ्यावा लागतो, पण लीकची चेकलिस्ट काढायची गरज नाही.

बेरीज स्थिर, पण एकाच इंजिनाचा फ्लो जास्त: ही सगळ्यात फसवी स्थिती, कारण ताळा लागतो आणि माणूस निर्धास्त होतो. फ्लो मीटरच्या पुढे, म्हणजे मीटर आणि नोझलच्या मध्ये गळती असेल, तर सांडणारं इंधन आधी मीटरमधून जातं आणि ‘वापरलेलं’ म्हणून मोजलं जातं. दोन्ही इंजिनांचं एन१ (पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग) सारखं असताना एकीकडे ताशी १२०० आणि दुसरीकडे १६५० किलो फ्लो दिसला, तर बेरीज कितीही जुळो, त्या इंजिनाच्या आवरणात, गरम भागाजवळ, इंधन सांडत असण्याची शक्यता आहे. त्यामुळे चेक घेताना बेरजेबरोबर डावा-उजवा फ्लो आणि डावा-उजवा एफयू शेजारी-शेजारी मांडायचाच.

बेरीज वाढतेय: विमानात इंधन तयार होत नाही. म्हणजे एखादा प्रोब अडकलाय किंवा जास्त दाखवतोय. गळती नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. खरं इंधन दिसतंय त्यापेक्षा कमी असू शकतं. याबद्दल पुढे.

गळती नसतानाही असमतोल का दिसतो

सगळ्यात साधं कारण आधी बघा: क्रॉसफीड आधीपासूनच उघडा राहिला आहे का? जमिनीवर एका बाजूच्या पंपावरून काही केलं गेलं आणि स्विच तसाच राहिला, तर दोन बाजूंच्या पंपांच्या दाबातल्या किरकोळ फरकानेही एक टाकी पुढे पळते. फ्युएल पेजवर (ईकॅमवरच्या इंधनाच्या पानावर) व्हॉल्व्हची रेषा आडवी आहे की उभी, ते डोळ्यांनी बघा. बटणाच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका.

एपीयू डाव्या बाजूने इंधन घेतो. गर्दीच्या वेळी एपीयूवर अर्धा-पाऊण तास उभं राहिलं की डावीकडे पन्नास-साठ किलो कमी असणं स्वाभाविक आहे. वळणात आणि चढताना प्रोब पाच-पन्नास किलो इकडे-तिकडे दाखवतात, म्हणून आकडे सरळ, समपातळीवर असतानाच घ्या. रडर ट्रिम (शेपटीच्या सुकाणूची जुळवणी) थोडा चुकीचा असेल आणि विमान किंचित तिरकं उडत असेल, तर दोन टाक्यांतला फरक वाढत जाताना दिसतो; ट्रिम नीट केला की तो निम्म्यावर येतो. मे महिन्यात इंदूरला टाक्या काठोकाठ भरून विमान उन्हात उभं राहिलं, तर पसरलेलं इंधन पंखाच्या टोकाकडच्या व्हेंटमधून थोडं सांडतं. दिल्लीच्या उड्डाणाला टाक्या काठोकाठ नसतात, त्यामुळे हे कारण सांगून उड्डाणातली घसरण उडवून लावता येत नाही.

पंखावरची भरण्याची टोपी नीट बसलेली नसेल तर टेकऑफनंतर हवेच्या ओढीने इंधन वर खेचलं जातं. ही गळती चढताना सर्वांत जोरात असते, पातळी खाली गेली की मंदावते.

ताळा लागतोय, फ्लो दोन्हीकडे सारखा आहे, खिडकीतून काही दिसत नाही, तर असमतोल हा निव्वळ असमतोल आहे. मग चेकलिस्ट वाचून क्रॉसफीड उघडा, हलक्या बाजूचे पंप बंद करा, आणि टाक्या सारख्या झाल्या की आधी पंप सुरू, मग क्रॉसफीड बंद. तेवढा वेळ कुणीतरी फ्युएल पेजवर लक्ष ठेवायचं. बॅलन्सिंग सुरू करून विसरून जाणं हीच पुढच्या असमतोलाची सुरुवात असते.

खिडकीतून बघणं

केबिन क्रूला पंखामागे बघायला सांगा, पण काय बघायचं ते नेमकं सांगा. ‘काही दिसतंय का’ असं विचारलं तर ‘नाही सर’ हेच उत्तर येतं. विचारायचं असं: पंखाच्या मागच्या कडेतून पांढरट फवारा निघतोय का? तो इंजिनाच्या मागून आहे, इंजिन आणि पंख जोडणाऱ्या पायलॉनमधून आहे, की पंखाच्या मध्यातून? दोन्ही बाजूंना सारखाच आहे का? दोन्हीकडे सारखा असेल तर ती बहुधा हवेतली वाफ. एकाच बाजूला, एकाच ठिकाणाहून, सतत असेल तर इंधन. रात्री विंग लाइट लावा आणि त्या ओळींच्या आसपासचे केबिनचे दिवे मंद करायला सांगा, नाहीतर काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. काही दिसलं नाही म्हणून गळती नाही, असं मात्र ठरत नाही.

आणखी एक खूण इंजिन पेजवर सापडते. एअर ट्रान्झॅटच्या विमानात इंधनाचा आकडा संशयास्पद होण्याच्या खूप आधी उजव्या इंजिनाच्या ऑइलचं तापमान कमी आणि दाब जास्त दिसत होता. इंधन आणि ऑइल यांच्यामधल्या हीट एक्स्चेंजरमधून नेहमीपेक्षा जास्त थंड इंधन वाहत होतं, म्हणून. एकाच इंजिनाचं ऑइल अकारण थंड पडलं तर फ्युएल पेज उघडून बेरीज करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

गळती ठरली. आता क्रम

क्यूआरएचमधली लीकची चेकलिस्ट उघडून वाचायची, आठवणीतून नाही. तिचा गाभा समजून घेतला तर वाचताना गोंधळ होत नाही.

प्रश्न एकच आहे: गळती इंजिनात आहे की पंखात? इंजिनातली असेल तर इंजिनाचा मास्टर स्विच बंद केला की इंधन तिकडे जाणंच थांबतं. पंखातली असेल तर इंजिन बंद करून काहीच साधत नाही, उलट एक चालू इंजिन हातचं जातं.

जास्त फ्लोमुळे किंवा खिडकीतून बघून इंजिनाची गळती पक्की झाली असेल, तर ते इंजिन आयडलला आणून बंद करायचं. गळती थांबल्याची खात्री झाल्यावर मग क्रॉसफीड वापरता येतो, कारण आता त्या बाजूला उरलेलं इंधनही चालू इंजिनाच्या कामाचं आहे.

पक्की झाली नसेल तर क्रॉसफीड बंद ठेवून दोन बाजू वेगळ्या करायच्या, मधल्या (पोटातल्या) टाकीचे पंप बंद करायचे, आणि कोणत्या पंखाची आतली, म्हणजे मुख्य, टाकी भरभर उतरतेय ते बघायचं. ए३२० वर एक टाकी दुसरीपेक्षा अर्ध्या तासाच्या आत ३०० किलो किंवा त्याहून जास्त उतरली, तर त्या बाजूचं इंजिन बंद करून गळती थांबते का बघतात. थांबली तर ती इंजिनाची होती. चालूच राहिली तर ती पंखाची आहे, आणि इंजिन पुन्हा सुरू करायचं. ७४०० किलो घेऊन निघालेल्या विमानात मधली टाकी रिकामीच असते, सगळं इंधन पंखांत मावतं, त्यामुळे इंदूर-दिल्लीला हे निरीक्षण तुलनेने सोपं जातं.

इथे एक मत स्पष्टपणे मांडतो. हे निरीक्षण विमानतळाकडे तोंड करून करायचं. ‘आधी अर्धा तास खात्री करू, मग डायव्हर्जनचं (दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याचं) बघू’ हा क्रम उलटा आहे. आपल्या उदाहरणातल्या ताशी ८८० च्या गळतीला ३०० किलोंचा फरक पडायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत विमान दीडशे नॉटिकल मैल जातं. ते जवळच्या धावपट्टीच्या दिशेने जायला हवं.

आता वेळेचा हिशेब. एकूण ५०२० किलो, वापर आणि गळती मिळून ताशी ३३२०. एका ए३२० चं अर्ध्या तासाचं फायनल रिझर्व्ह (हात न लावायचा शेवटचा राखीव साठा) साधारण ११५० किलो धरलं, तर तिथपर्यंत सत्तर मिनिटं. पण हा सरासरीचा हिशेब फसवा आहे, कारण गळती एका बाजूला आहे. ती डावीकडे आहे आणि इंधन दोन्हीकडे सारखं आहे असं धरा: डावीकडे २५१० किलो, तिकडचा खर्च ताशी २१००; डावी बाजू बहात्तर मिनिटांत कोरडी. त्या वेळी उजवीकडे, क्रॉसफीड बंद असेल तर, हजाराहून थोडं जास्त उरलेलं असेल. क्रॉसफीड उघडा असेल तर दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांत शून्य. क्रॉसफीड बंद ठेवल्याने मिळतं ते हे: एक चालू इंजिन आणि हजार किलो.

उतरताना रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) वापरायचे नाहीत, कारण मागे उडणारं इंधन गरम भागावर आणि ब्रेकवर येऊ शकतं. यासाठी धावपट्टी लांब हवी, हे डायव्हर्जन निवडताना लक्षात घ्या. थांबल्यावर लगेच टॅक्सी करून बे गाठायची घाई नको. अग्निशमन दलाला पंखाखाली बघू द्या, ब्रेकचं तापमान बघा, मग हला.

कुठे जायचं

इंदूर-दिल्ली मार्गावर निघाल्यापासून सव्वादोनशे नॉटिकल मैलांवर असाल, तर जयपूर डाव्या हाताला सुमारे पन्नास मैलांवर असतं आणि दिल्ली एकशेचाळीस मैलांवर. जवळचं म्हणून जयपूर बरोबर. पण तीनशेतीस फ्लाइट लेव्हलवरून (सुमारे ३३ हजार फुटांवरून) खाली यायला शंभरएक मैल लागतात, म्हणजे पन्नास मैल अंतर हे वेळेच्या हिशेबात पन्नास राहत नाही. उतरण लवकर मागा. त्याच वेळी उंची म्हणजे हातातलं अंतर हेही विसरू नका: दोन्ही इंजिनं जाण्याची खरी भीती असेल तर विमानतळाजवळ पोचेपर्यंत उंची सांभाळून, मग वळसे घेत खाली या.

इंदूरला येताना शंका आली तर इथला नकाशा डोक्यात पाहिजे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर धावपट्टी एकच आहे. पुढच्या विमानाचं टायर फुटून ते तिथेच बसलं, तर भोपाळ सुमारे नव्वद नॉटिकल मैल, बडोदा एकशेपंचेचाळीसच्या आसपास, अहमदाबाद पावणेदोनशे आणि नागपूर दोनशेच्या पुढे. पावसाळ्यात माळव्यावर ढगांची रांग उभी असताना भोपाळ आणि इंदूर एकदमच बंद होऊ शकतात, त्यामुळे दोन्ही एकाच हवामानात असतील तर पर्याय गुजरातच्या बाजूचा धरा. हे अंतरांचं गणित बसल्या जागी, इंजिन सुरू करण्याआधी व्हायला हवं.

रेडिओवर काय बोलायचं

गळतीची शंका पक्की होत असेल तर ‘पॅन पॅन’ (तातडीची हाक) देऊन डायव्हर्जन मागा: काय झालंय, कुठे जायचंय, किती मिनिटांचं इंधन आहे, किती माणसं आहेत. इंजिन बंद करावं लागलं तर ‘मेडे’ (आणीबाणीची हाक).

इंधनाचे दोन ठरलेले शब्दप्रयोग आहेत, आणि त्यांत गफलत फार होते. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे ठरलेल्या विमानतळावरच उतरणार आहोत आणि आणखी उशीर झाला तर फायनल रिझर्व्हच्या खाली जाऊ. ही सूचना आहे. तिने प्राधान्य मिळत नाही. ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’ म्हणजे सर्वांत जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरतानाही अर्ध्या तासाच्या फायनल रिझर्व्हपेक्षा कमी इंधन उरणार आहे. हे हिशेबात दिसलं त्या क्षणी बोलायचं, इंधन तिथे पोचेपर्यंत थांबायचं नाही.

आडून-आडून सांगण्याची किंमत २५ जानेवारी १९९० ला कळली. आव्हियांकाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या आकाशात दीर्घकाळ घिरट्या घालत होतं. ‘प्राधान्य हवं’, ‘इंधन संपत आलंय’ असं सांगितलं गेलं, पण आणीबाणीचा शब्द उच्चारला गेला नाही. कंट्रोलरने त्याला इतर विमानांच्या रांगेतच ठेवलं. विमान कोसळलं, ७३ जण गेले. वरिष्ठांसमोर मोठ्याने बोलायला आपल्याकडे अजूनही संकोच होतो. फर्स्ट ऑफिसरने अशा वेळी ‘सर, फ्युएल थोडं कमी वाटतंय’ म्हणू नये. ‘सर, बेरीज पंधरा मिनिटांत दोनशेवीसने घसरली आहे, लीकची चेकलिस्ट काढतोय’ असं म्हणावं. आकड्याला कुणाचा हुद्दा दिसत नाही.

दर्शकच खोटं बोलत असेल तर

गळती नाही, ताळाही लागतोय, तरी इंधन संपतं, असंही घडलंय, कारण सुरुवातीचा आकडाच चुकीचा होता. ६ ऑगस्ट २००५ रोजी ट्युनिंटरचं एटीआर ७२ बारीहून जेर्बाला निघालं आणि पालेर्मोजवळ समुद्रात उतरवावं लागलं. ३९ पैकी १६ जण गेले. इंधनाचा दर्शक बदलताना एटीआर ४२ चा बसवला गेला होता आणि तो खऱ्यापेक्षा सुमारे दोन हजार किलो जास्त दाखवत होता. आदल्या दिवशीच्या शिल्लक इंधनापेक्षा सकाळचा आकडा खूप मोठा होता आणि मधल्या भरण्याची पावती सापडली नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं. इंदूरच्या एप्रनवर रोज एटीआर उभी असतात, म्हणून ही घटना इथल्या प्रत्येक टर्न-अराउंडला लागू आहे.

उपाय एकच: भरलेलं इंधन लिटरमध्ये, दर्शक किलोमध्ये, आणि दोघांना जोडणारी घनता स्वतः गुणून बघायची. भरण्याआधी २९०० किलो, मागणी ७४०० ची, बाउझरच्या (इंधनाच्या टँकरच्या) पावतीवर ५७६० लिटर. मेच्या दुपारी घनता ०.७८२ असेल तर ४५०४ किलो. बेरीज ७४०४, दर्शक जुळतो. तोंडपाठ ०.८ धरली तर ४६०८ येतात आणि शंभर किलोंची खोटी तूट दिसते. घनता पावतीवरूनच घ्या. किती फरक चालतो ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त आला तर इंजिनिअरला पंखाखालच्या मॅग्नेटिक इंडिकेटरने मोजायला सांगा. उशीर होऊ द्या.

आणि एकक तपासा. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला २२,३०० किलो हवं होतं. लिटरला गुणायचा आकडा वापरला गेला १.७७, जो पौंडांचा होता. निम्म्याहून कमी इंधन घेऊन निघालेलं ते विमान गिमलीच्या जुन्या हवाईतळावर इंजिनांशिवाय उतरलं.

इंधन आहे, पण खराब आहे

दोन्ही इंजिनांत एकाच सुमाराला चढ-उतार, थ्रस्ट (इंजिनाचा जोर) बदलायला उशिरा प्रतिसाद, किंवा दोन्ही फिल्टर तुंबल्याचे इशारे, असं दिसलं तर शंका इंधनाच्या दर्जाची. एकाच इंजिनाला असेल तर ते त्या इंजिनाचं दुखणं. दोन्हीकडे असेल तर जवळचा विमानतळ धरा आणि थ्रस्ट लिव्हरशी खेळ कमीत कमी करा. १३ एप्रिल २०१० ला सुराबायाहून हाँगकाँगला आलेल्या कॅथेच्या ए३३० मध्ये इंधनातल्या बारीक पॉलिमर गोळ्यांनी दोन्ही इंजिनांचं नियंत्रण अडकवलं होतं आणि एका इंजिनाचा थ्रस्ट खाली येईना, म्हणून ते फार वेगात उतरवावं लागलं.

पाण्याचं काम जमिनीवरच होतं. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाक्या घेऊन विमान रात्रभर उभं राहिलं की आत दमट हवेचं पाणी सुटतं. पहिल्या उड्डाणाआधी तळाचे ड्रेन उघडून नमुना घ्या. इंधन भरल्यावर लगेच घेऊ नका, पाणी ढवळलेलं असतं, खाली बसायला वेळ द्या. पाणी ओळखणाऱ्या कॅप्सूलचा पिवळा रंग हिरवट झाला तर पुन्हा काढा. पाणी राहिलं की बुरशी येते, बुरशी प्रोबवर आणि फिल्टरवर चढते, आणि मग दर्शक भलते आकडे देऊ लागतो. बुरशीनाशक टाकताना प्रमाण दोघांनी स्वतंत्रपणे काढावं. २०२० मध्ये टायटन एअरवेजच्या ए३२१ ला ते शिफारशीच्या ३८ पट पडलं आणि गॅटविकहून टेकऑफनंतर दोन्ही इंजिनं बिघडली.

टेक लॉगमध्ये काय लिहायचं

तक्रार पुन्हा-पुन्हा येत राहते त्याचं मोठं कारण टेक लॉगमधली, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीतली, अपुरी नोंद. ‘फ्युएल इम्बॅलन्स ऑब्झर्व्ड’ एवढंच लिहिलं तर इंजिनिअर जमिनीवर सिस्टिम टेस्ट करतो, ती पास होते, विमान परत जातं, आणि चार दिवसांनी दुसऱ्या क्रूला तेच दिसतं.

लिहा: निघतानाचं एफओबी, प्रत्येक चेकची वेळ आणि उंची, प्रत्येक टाकीचा आकडा, डावा-उजवा एफयू आणि फ्लो, एपीयू कधी बंद केला, क्रॉसफीडची स्थिती, बाहेरचं तापमान, आकड्यावर पिवळसर रेघ होती का, उतरल्यावर किती उरलं आणि पुढच्या भरण्याला लिटर किती लागले. एवढ्यावरून इंजिनिअरला मोजणीतला दोष आणि खरी गळती वेगळी करता येते. थंड उंचीवरच आकडा उडत असेल तर कनेक्टर किंवा वायरिंग. एकाच पातळीला पोचल्यावर उडत असेल तर त्या पातळीचा प्रोब.

पंखाखाली ओल सापडली तर पुसून कोरडी करा आणि अर्ध्या तासाने पसरलेली ओल मोजा. पाऊण इंचापर्यंत डाग, दीड इंचापर्यंत झिरप, चार इंचांपर्यंत जास्त झिरप, त्यापुढे किंवा थेंब पडत असतील तर वाहती गळती. जागा महत्त्वाची: मोकळ्या पंखाखाली चालेल तेवढी झिरप चाकाच्या विहिरीत किंवा पायलॉनजवळ चालत नाही. ड्रेन मास्टमधून (झिरपलेलं बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पडणाऱ्या थेंबांना स्वतःची वेगळी मर्यादा असते, मिनिटाला किती थेंब ते मॅन्युअलमध्ये बघून घड्याळ लावून मोजा. आणि दोष उड्डाणातच दिसत असेल तर इंजिनिअरला पंप चालू ठेवून, सिस्टिममध्ये दाब आणून तपासायला सांगा. पंप बंद असताना फुटकी नळी कोरडीच दिसते.